विमानतळावरची दुकानं आणि उपाहारगृह चालवायला कुणाला द्यायचं? कोकणातल्या नव्या निवड समितीसाठी

कोकणपट्टीवर विमानतळाची नवलाई आता सरली. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, हद्दीपलीकडे गोव्यात मोपाला जानेवारी २०२३ पासून विमानं उतरायला लागली, उत्तरेला नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून चालू आहे, आणि रत्नागिरीचंही टर्मिनल येऊ घातलंय. धावपट्टी, अग्निशमन, सुरक्षा या कामांना नियमांची जाडजूड पुस्तकं असतात आणि ती वाचलेली माणसंही असतात. टर्मिनलमधला चहाचा काउंटर आणि काजूचं दुकान कुणाला द्यायचं, हा विषय मात्र "जरा बघून घ्या" म्हणत कुणाच्या तरी गळ्यात पडतो. तो तुमच्या गळ्यात पडला असेल, आणि निविदा, बोली, हमी हे शब्द अजून नवे वाटत असतील, तर पुढचं वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवतीच फिरतं. छोट्या विमानतळावर सगळ्यात जास्त भाडं कबूल करणारा हा बहुतेक वेळा सगळ्यात आधी शटर ओढणारा असतो.

आधी माणसं मोजा

निविदेचा मसुदा उघडण्याआधी आठवडाभर टर्मिनलमध्ये वही घेऊन बसा. वर्षाकाठी इतके लाख प्रवासी, हा आकडा दुकानदाराच्या काही कामाचा नाही. त्याला हवं असतं ते एवढंच: सुटणारी विमानं किती, कोणत्या वेळी, आणि सुरक्षा तपासणी झाल्यावर माणूस आत किती मिनिटं बसतो. उतरणारा प्रवासी सहसा काही घेत नाही. त्याचं लक्ष बॅगेकडे आणि बाहेर थांबलेल्या गाडीकडे असतं. गणपतीला येणारं विमान भरून येईल, पण तुमचा गल्ला भरतो तो गौरी-गणपती विसर्जनानंतर, माणसं परत जायला लागली की.

आपल्याकडे आणखी एक मोजणी लागते, ती मोठ्या शहरांतले सल्लागार विसरतात. एका माणसाला सोडायला कोकणात अख्खी जीप भरून माणसं येतात. आजी, पोरंटोरं, शेजारचे भाऊ, सगळे दाराबाहेर उभे असतात, विमान उडाल्याशिवाय हलत नाहीत. शिवाय टॅक्सीवाले, पोलीस, विमान कंपनीची पोरं आहेतच. हे सगळं गिऱ्हाईक तपासणीच्या अलीकडचं. त्यामुळे एकच जागा देता येणार असेल तर आतल्या चकचकीत काउंटरइतकाच बाहेरच्या साध्या उपाहारगृहाचाही विचार करा. धंदा तिथे रोजचा असतो, उड्डाण रद्द झालं तरी थोडाफार चालतो.

हंगाम लिहून काढा: मे महिन्याची सुट्टी आणि आंबा, गणपती, दिवाळी, नाताळ ते नवं वर्ष, शिमगा. आणि जून ते सप्टेंबर वेगळ्या पानावर लिहा, त्याबद्दल पुढे बोलू.

एकाकडे की अनेकांकडे

ढोबळ तीन पद्धती आहेत. पहिली, सगळ्या जागा एका कंपनीला द्यायच्या आणि तिने त्या स्वतः चालवायच्या किंवा पोटभाड्याने द्यायच्या. धंद्यात हिला मास्टर कन्सेशन म्हणतात. दुसरी, प्रत्येक गाळ्याची वेगळी निविदा. तिसरी, विमानतळ चालवणाऱ्याने कंपनीबरोबर भागीदारी करायची. तिसरी मोठ्या विमानतळांची, तिच्यात वेळ घालवू नका.

नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमताच वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे. तिथे अनेक कंपन्यांना उतरवून स्पर्धा लावता येते. दिवसाला दोन-चार उड्डाणं असलेल्या ठिकाणी पाच गाळे पाच जणांना दिलेत तर पाचही उपाशी राहतात. दुकानाची मुलगी वेगळी, चहावाला वेगळा, दोघेही तासन् तास माशा मारत बसलेले. छोट्या टर्मिनलला एकच चालक, म्हणजे दुकानं चालवणारा, बरा. एकाच माणसाने सकाळी चहा द्यायचा आणि चहाची गर्दी ओसरली की काजूचं बिल फाडायचं. मात्र एकाकडे देताना 'स्थानिक उत्पादकांना इतके फूट फळी द्यायचीच' ही अट करारात हवी, नाहीतर तुमच्या दुकानात जगभरची चॉकलेटं असतील आणि वेंगुर्ल्याचा काजू नसेल.

ट्रॅव्हल फूड सर्व्हिसेस, लाइट बाइट फूड्स, एचएमएसहोस्ट, देवयानी ही नावं देशातल्या मोठ्या विमानतळांवर दिसतात. तुमच्या शंभर-दोनशे प्रवाशांसाठी ती धावत येतील अशा आशेवर राहू नका. पण यातल्या पहिल्या कंपनीने २०२५ च्या जुलैमध्ये शेअर बाजारात नोंदणी केली, तेव्हाचं तिचं माहितीपत्रक जरूर चाळा. विमानतळाशी करार करताना अशा कंपनीला कोणत्या गोष्टींची धास्ती वाटते, ते तिनेच जोखमींच्या प्रकरणात लिहून ठेवलंय. फुकटचं पाठ्यपुस्तक आहे ते.

भाड्याचा आकडा

विमानतळावरचं भाडं सहसा दोन तुकड्यांत असतं: दरमहा किमान हमी, म्हणजे विक्री कितीही कमी झाली तरी द्यायची रक्कम, आणि विक्रीतला टक्का. यातलं जे जास्त, ते द्यायचं. हमी दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढते. ऐकायला सोपं आहे. आता कागदावर मांडून बघू. आकडे समजुतीपुरते आहेत, तुमच्या वहीतले घाला.

समजा रोज दोन उड्डाणं, सत्तर-बहात्तर आसनी एटीआर विमानं, प्रत्येकात ५० माणसं. म्हणजे १०० प्रवासी. त्यातले ४० जण काहीतरी घेतात, सरासरी बिल १५० रुपये. दिवसाची विक्री ६,००० आणि एकही उड्डाण रद्द झालं नाही असं धरून महिन्याची १,८०,०००. यातून कच्चा माल ३५ टक्क्यांनी ६३,००० गेला. दोन पाळ्यांत मिळून चार माणसं, प्रत्येकी १७,५०० धरले तर ७०,०००. वीज, कुडाळ-मालवणहून मालाची वाहतूक, नासाडी मिळून २५,०००. हातात उरले २२,०००. भाडं अजून दिलेलंच नाही.

या २२,००० मधून विक्रीच्या १२ टक्के वाटा मागितलात तर तो २१,६०० होतो. मालकाला उरले चारशे. आणि तुमच्या निविदेत कुणी महिन्याला ६०,००० ची हमी लिहून दिली, तर समितीतले टाळ्या वाजवतील, पण तो माणूस एकतर हिशेब न करता आलाय, नाहीतर चहा दीडशे रुपयांना विकणार आहे. चिपी-परुळे भागातला टॅक्सीवाला त्यावर काय म्हणेल ते मी आत्ताच लिहून देतो: "दीडशे रुपयांची चाय? त्यापेक्षा मी कुडाळाक जावन पितंय!"

म्हणून हमी महिन्याला बांधू नका, प्रवाशाला बांधा. सुटणाऱ्या प्रत्येक प्रवाशामागे अमुक रुपये, असं लिहा. विमानं वाढली की तुमचं भाडं आपोआप वाढतं, घटली की चालकाचा गळा आवळला जात नाही. २०२० मध्ये २५ मार्च ते २४ मे देशांतर्गत प्रवासी विमानं बंद होती. ठरावीक हमीवर सह्या केलेल्या दुकानांचे आणि विमानतळांचे वाद त्यानंतर जगभर चालले. इतकं दूर जायलाही नको. केंद्र सरकारच्या उडान योजनेत तोट्याच्या मार्गासाठी विमान कंपनीला मिळणारा निधी तीन वर्षांपुरता असतो. चिपीहून या योजनेत २०२१ ला सुरू झालेली मुंबई सेवा २०२४ मध्ये थांबली. दुकान सात वर्षांच्या करारावर आणि विमान तीन वर्षांच्या, अशी ही गाठ आहे. ती भाड्याच्या कलमात दिसली पाहिजे.

सरकारी चौकटीत अडचण अशी की पात्र ठरलेल्यांमध्ये सर्वांत जास्त बोली, म्हणजे एच-वन, यालाच काम द्यावं लागतं असं बहुधा सांगितलं जातं. तुमच्या संस्थेची नियमावली तशीच असेल तर दोन वाटा आहेत. सगळी गाळणी पात्रतेच्या टप्प्यातच लावा. किंवा भाडं तुम्हीच ठरवून जाहीर करा आणि बोली दुसऱ्या गोष्टीवर मागवा, म्हणजे ठरावीक दहा पदार्थांची यादी देऊन, सगळ्यात कमी दरात जो देईल त्याला जागा. ही दुसरी वाट मला छोट्या विमानतळासाठी जास्त पटते. लेखा विभागाला ती सहसा पटत नाही, तेव्हा त्यांच्याशी निविदा निघण्याआधी बसून घ्या. आणि गुणांकन करता येत असेल तर कामाच्या गुणवत्तेला ७० आणि पैशाला ३० ठेवा.

जुलैची संध्याकाळ

बोलीदाराची खरी परीक्षा पावसाळ्यात होते, म्हणून निविदेत त्याच्याकडून एक टिपण लिहून मागा. प्रश्न असा द्या: जुलै महिना, संध्याकाळचे साडेचार. ढग इतके खाली आलेत की येणारं विमान घिरट्या घालून मोपाला वळवलं. सुटणारे साठ प्रवासी तपासणी करून आत बसलेत, त्यात लहान मुलं आहेत. उड्डाण पुढे ढकललं, रद्द केलेलं नाही. दूध संपलंय, वीज दोनदा गेली, आणि पाळी संपवून तुमचा माणूस पाच वाजता घरी निघालाय. सात वाजेपर्यंत तुम्ही काय काय कराल?

उत्तरातून माणूस कळतो. एकजण लिहील "आम्ही ग्राहक समाधानाला सर्वोच्च प्राधान्य देतो". त्याला बाजूला ठेवा. दुसरा लिहील की टेट्रापॅक दुधाचे दोन खोके कायम पडून असतील, फ्रीजला वेगळी बॅटरी असेल, परुळ्यातला एक मुलगा पास काढून राखीव ठेवलेला असेल आणि तो पंधरा मिनिटांत पोचेल, पोहे-उपम्याची कोरडी पाकिटं गरम पाण्यावर होतात. त्याच्याशी बोला. शेवटची माणसं विमानात चढेपर्यंत काउंटर उघडा राहील, हे वाक्य करारात घाला आणि न पाळल्यास दंड किती तेही लिहा. कामाची वेळ 'सकाळी आठ ते सायंकाळी सहा' अशी कधीही लिहू नका. पहिल्या उड्डाणाच्या दोन तास आधीपासून शेवटचं उड्डाण प्रत्यक्ष सुटेपर्यंत, असंच लिहा.

किमती

यात नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. पाकीटबंद वस्तूवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा दुकानात जास्त घेता येत नाही, आणि एकाच वस्तूवर विमानतळासाठी वेगळी किंमत छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून मनाई आहे. पण डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही म्हटलंय की हॉटेल-उपाहारगृहात बसून सेवा घेतली तर बाटलीबंद पाण्याला छापील किमतीपेक्षा जास्त लावता येतं. चलाख चालक प्रत्येक काउंटरला 'रेस्टॉरंट' म्हणवून घेईल. तेव्हा तुमच्या करारात स्वच्छ लिहा: पाणी, बिस्किटं, शीतपेयं सगळीकडे छापील किमतीलाच.

बाकी पदार्थांना 'वाजवी दर' हा शब्द निरुपयोगी आहे. चहा, कॉफी, पाणी, वडापाव आणि एखादा पोटभरीचा पदार्थ, एवढ्या पाच गोष्टींचे दर आकड्यात बांधा, बाकी चालकाला मोकळं सोडा. सरकारने २०२४ च्या डिसेंबरात कोलकाता विमानतळावर उडान यात्री कॅफे सुरू केला, तिथे चहा १० रुपये आणि समोसा २० रुपये होता. लोक आता ते उदाहरण तोंडावर मारतात आणि त्यात त्यांचं चुकत नाही. पण दहा रुपयांचा चहा मागायचा तर त्या जागेचं भाडंही तसंच नाममात्र ठेवावं लागेल. दोन्ही हातांनी ओढता येणार नाही.

फळीवर काय ठेवायचं

'स्थानिक उत्पादनांना प्राधान्य' या ओळीने काहीच होत नाही. स्थानिक म्हणजे कुठलं? सिंधुदुर्ग-रत्नागिरीत बनलेलं, उत्पादकाचं बिल दाखवता येईल असं. हापूसला २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळालं. दुकानात 'देवगड हापूस' अशी पाटी लावायची तर या मानांकनाच्या नोंदणीकृत वापरकर्त्याचाच माल घ्यायचा, ही अट टाका. मे महिन्यात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत कसा शिरतो, हे इथे कुणाला सांगायला नको.

मग मापं. विमानात हातातल्या बॅगेला साधारण ७ किलोची मर्यादा असते. पाव किलोचं फळ धरलं तर दोन डझनांची पेटी ६ किलो झाली, म्हणजे प्रवाशाने दुसरं काही घ्यायचंच नाही. तपासणीच्या पलीकडच्या दुकानात पाच डझनांच्या पेट्या रचून ठेवणारा चालक शोभेसाठी ठेवतोय, विक्रीसाठी नव्हे. एक डझनाचा, दांडी असलेला पुठ्ठ्याचा खोका मागा. नारळ हातातल्या बॅगेतून नेऊ देत नाहीत, आणि सुकं खोबरं तर आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतच आहे. त्यामुळे आतल्या दुकानात या दोन्ही गोष्टी नकोत, बाहेरच्या दुकानातही पाटी लावूनच. काजू, आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, मालवणी मसाला, सावंतवाडीची लाकडी खेळणी हा आत खपणारा माल. खाजं विकायचं तर हवाबंद पाकिटातच. आपल्या दमट हवेत उघडं खाजं दोन दिवसांत मऊ पडतं आणि पुण्याला पोचल्यावर शिव्या विमानतळाला पडतात.

महिला बचत गटांना फळी द्यायची तर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची 'अवसर' योजना नमुना म्हणून बघा. प्राधिकरणाच्या विमानतळांवर बचत गटांना पंधरा-पंधरा दिवसांसाठी आळीपाळीने जागा देतात. तुमचा विमानतळ खासगी असला तरी ती रीत उचलायला कुणी अडवलेलं नाही. पण पंधरवड्याला नवी बाई म्हणजे दर वेळी नवा प्रवेश पास आणि पोलीस पडताळणी, आणि त्यात दिवस जातात. त्यापेक्षा माल गटांचा, विक्री चालकाच्या कायम माणसाची, आणि गटाचे पैसे ३० दिवसांत खात्यावर, असं ठेवलं तर कमी अडचण. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत चुकते करायचं बंधन कायद्यानेच आहे. तुम्ही करारात त्याहून कमी मुदत घाला.

बोलीदाराला त्याच्याच दारात बघा

सादरीकरणं सगळ्यांची सुंदर असतात. ज्या कंपन्या शेवटच्या यादीत उरल्यात, त्यांची चालू दुकानं न सांगता बघून या. रेल्वे स्टेशन, बस स्थानक, इस्पितळातलं कॅन्टीन, काहीही चालेल. जाताना पहाटेची वेळ निवडा. चहा प्या, बिल मागा. बिल न मागता मिळालं का बघा, कारण विक्रीतला टक्का तुम्ही या बिलांवरच घेणार आहात. जो माणूस वीस रुपयांचं बिल यंत्रात मारत नाही, तो तुमच्याकडेही मारणार नाही. मग मागे भांडी घासायच्या जागेत डोकवा, फ्रीजमधल्या डब्यांवर तारखा आहेत का बघा. काउंटरवरच्या पोराला सहज विचारा, पगार कधी झाला. पुस्तकी पात्रतेत न दिसणारं सगळं त्या एका उत्तरात असतं.

तिथल्या जागामालकालाही फोन करा. भाडं थकवतात का, आणि निघून गेले तर जागा कशी सोडली, हे दोनच प्रश्न पुरेत.

कागद आणि पास

इथे फार रमायचं कारण नाही, पण वेळ धरून चला. विमानतळाच्या आवारातल्या खाद्यव्यवसायाला उलाढाल कितीही छोटी असली तरी एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, केंद्रीय परवाना लागतो. गावच्या हॉटेलवाल्याकडे असलेली साधी नोंदणी इथे चालत नाही, हे त्याला निविदापूर्व बैठकीतच सांगा. कंपनीला नागरी विमान सुरक्षा ब्यूरोची सुरक्षा मंजुरी, प्रत्येक कामगाराची पोलीस पडताळणी, सुरक्षेचं प्रशिक्षण आणि प्रवेश पास. आत जाणारा प्रत्येक खोका तपासणीतून. स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांचीही नोंद असते, त्या साखळीने ओट्याला बांधलेल्या असतात आणि पाळी संपताना मोजून ठेवायच्या. टर्मिनलच्या आत गॅसची शेगडी धरून चालू नका. सगळं इंडक्शन आणि विजेवर. म्हणून सुरमईचा रवा फ्राय आतल्या मेनूत लिहून आणणाऱ्याला विचारा, तळणार कुठे आणि धूर जाणार कुठे. घावणे, आंबोळी, उसळ बाहेरच्या स्वयंपाकघरात करून आत गरम करता येतात. सोलकढी ताजी लागते, तिचा रोजचा हिशेब ठेवावा लागतो.

काम दिल्याच्या पत्रापासून पहिला चहा उकळेपर्यंत तीन-चार महिने धरा. उद्घाटनाची तारीख मंत्र्यांनी आधी दिली असेल तर तात्पुरतं टेबल मांडायची परवानगी आत्तापासून मागून ठेवा.

करारात राहून जाणारी कलमं

बिलाचं यंत्र तुमच्या संगणकाला जोडलेलं हवं, रोजची विक्री रात्री तुम्हाला दिसली पाहिजे. महिन्याच्या शेवटी चालकाने पाठवलेल्या तक्त्यावर टक्का घेऊ नका. अनामत तीन-चार महिन्यांच्या भाड्याइतकी पुरे. वर्षाची मागितलीत तर स्थानिक माणूस दारातूनच परत जाईल. खाऱ्या हवेत लोखंडी फर्निचर दोन पावसाळे काढत नाही, तेव्हा सामान कशाचं असेल आणि कितव्या वर्षी बदलायचं तेही लिहा.

बाहेर पडायची वाट दोघांसाठी ठेवा. सलग तीन महिने प्रवासी ठरलेल्या संख्येच्या निम्म्याखाली गेले तर चालक ९० दिवसांची नोटीस देऊन, अनामत परत घेऊन जाऊ शकेल, असं कलम बघून लेखा विभाग कुरकुर करतो. घालाच. ते नसेल तर चालक नोटीस न देता, वीजबिल थकवून, एका रविवारी सामान उचलून जातो. त्या ९० दिवसांत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराला विचारायचा हक्कही निविदेत आधीच राखून ठेवा, म्हणजे पुन्हा शून्यापासून सुरुवात नको. आणि करार संपायच्या नऊ महिने आधी नवी निविदा काढायला घ्या. करार संपायचा महिना मे किंवा भाद्रपदात येणार नाही, अशी कराराची पहिली तारीखच निवडा.